पायरीचं काम

२ नोव्हेंबर २००३, रविवार

काल वाडीला जाऊन आलो. आयेचा सांगावा आला होता, 'काम हाय, ये.' पोलादपूरच्या बूथवरून शेजारचा चांगू एवढंच बोलतो आणि फोन ठेवतो, काय काम ते विचारायला सवडच देत नाही. आमच्या वाडीत माणसाला बोलवायची रीतच ही. 'सहज ये' असं कुणी कुणाला म्हणत नाही. काम असतं म्हणून बोलावतात, काम असतं म्हणून माणूस जातो. मीही दारात पोचल्या पोचल्या 'काय काम काढलंस?' असं विचारतो, आणि निघताना 'काम असलं की सांगावा धाड' म्हणून डोंगर उतरतो. दिवाळीला मात्र गेलो नव्हतो. मित्र किरण पुण्याहून महाडला माझ्याकडे आला होता, आणि तसंही वाडीत काही काम नव्हतं.

या खेपेचं काम म्हणजे पायरी. आमच्या घराचं जोतं उंच. ओटीवर चढायला काळा घडीव दगड होता, माझ्या आज्यानं बसवलेला. बाबा त्याच्या कडेवर कोयता घासायचे, त्यानं लांबट खोबण पडली होती. लहानपणी मी त्या खोबणीत पाणी ओतून नदी करायचो आणि मुंग्यांना पलीकडे जाऊ द्यायचो नाही. तो दगड आता नाही. फुटला म्हणे. कसा फुटला विचारलं तर आये म्हणाली, "फुटतो दगड कवा कवा." आता ती जोत्याला हात टेकून, गुडघा वर घेऊन चढते. सत्तरीला आलेली बाई. मला बघवेना.

म्हणाली, "तू इंजनेर ना? मग तूच कर पायरी."

मी म्हटलं करतो. चांगूला हाक मारली, म्हटलं जरा टेपचं दुसरं टोक धर. पण गुरं आत घ्यायची आहेत म्हणून तो निघून गेला. भर दुपारी कसली गुरं आत घेतो हा!

५ नोव्हेंबर, बुधवार

किरणनं डोक्यात किडा सोडलाय तो वळवळतोय. आम्ही एका वर्गात शिकलो, तो पुण्यात बांधकाम कंपनीत गेला आणि आता तीनतीन साइट सांभाळतो. त्यानं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट घेतलंय. म्हणतो, "लायसनवर किती दिवस काढणार? तू कर. आमच्याकडे जागा निघते."

आज ऑफिसात ओकसाहेबांजवळ विषय काढला. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. गेली काही वर्षं पाटीवर त्यांच्या नावाखाली माझंही नाव आहे, 'परवानाधारक अभियंता' असं लिहून. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "लायसन म्हणजे काय रे मंगेश? बांधलेलं पडलं तर कोणाला बोलवायचं, ते नाव. तुझा प्रोजेक्ट मॅनेजर फीत कापली की मोकळा. आपण कधी मोकळे होत नाही."

वाक्य चांगलं आहे. घरी येईपर्यंत मलाही पटलं होतं. पण मग त्या एमआयडीसीतल्या गोदामाची आठवण झाली. माझं गणित चोख, तुळई आजही केसभर वाकलेली नाही, तरी काम वर्षभर रखडलं. सळई आली तेव्हा गवंडी गावाला, गवंडी आला तेव्हा सळईला गंज. मालक शिव्या देत होता आणि मी त्याला तुळईची ताकद समजावून सांगत होतो. कोण आधी, कोण मागून, कोणाचं अडलं तर कोणाचं अडतं, हे आम्हाला शिकवलंच नाही. मग ते शिकायला गेलं तर बिघडलं कुठे?

१६ नोव्हेंबर, रविवार

नाव घातलं. क्लास पुण्याला, शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी वरंध घाटातली एसटी धरायची, रविवारी रात्री परत. अक्षदा म्हणाली, "मग वाडीला कधी जाणार?" म्हटलं, अधूनमधून एखादा दिवस काढीन. ती सासूच्या बाजूनं बोलते म्हणून मला बरं वाटतं आणि रागही येतो.

७ डिसेंबर, रविवार. पुणे

आजचा दिवस छान गेला. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, पूल बांधलेला माणूस. प्रत्येकानं एक खरंखुरं छोटं काम घ्यायचं आणि ते क्लास संपेपर्यंत कागदावर पूर्ण आखायचं. कोणी रो-हाउस घेतलं, कोणी पाण्याची टाकी. मी आयेची पायरी घेतली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "लहान कामातच माणूस गाफील राहतो."

कामाशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांची नावं लिहायची होती. मी लिहिलं, 'आये : कामात रस फार, कामावर वजन कमी.' सर म्हणाले, बरोबर.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती लाल पेननं लिहून घेतली. मागणारा जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही, म्हणून त्याला विचारायचं, 'हे झालं की तुमचं काय होणार?' काय सुंदर प्रश्न आहे. एमआयडीसीतल्या मालकाला विचारायला हवा होता.

११ डिसेंबर, गुरुवार

चांगूचा फोन. काम हाय, ये. मी म्हटलं, पायरीचंच ना? ते आखणीत घेतलंय म्हणावं. त्याला काय कळलं देव जाणे. म्हणाला, "बरं, आखणीत हाय म्हणून सांगतो."

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाताळाची सुट्टी जोडून आली म्हणून काल वाडीला गेलो, आज उतरलो. पक्की मापं घेतली. जोत्याची उंची, अंगणाचा उतार, पाणी कुठून वाहतं ते. आये माझ्या मागे मागे. टेपचं टोक तिनंच धरलं, आणि मी आकडा लिहिला तरी सोडेना. माप झाल्यावर म्हणाली, कौलं बघ. कौलं बघितली. मग कडीची बिजागरी. मग शेरडांच्या वाड्याची कुडाची भिंत. एक संपलं की दुसरं तयार. मी म्हटलं, "आये, एकदम सांगत जा ना गो सगळं." तर म्हणाली, "आठवंल तसं सांगते."

कूड बघायला आत गेलो तर तिथे एक चांगला लांबट दगड दिसला. उपडा घातलेला, वरची बाजू खडबडीत, त्यावर शेरडांच्या पाण्याची बादली. पायरीला चालला असता. पण आता आपलं डिझाइन काँक्रीटचं आहे, सळईसकट, आणि मधे दगड घालून सगळं बिघडवायचं नाही. आये दारातनं म्हणाली, "बाहेर ये, शेण हाय तिथं." मी लहानपणापासून शेणात वाढलोय ते ती विसरली वाटतं.

निघताना नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. "कवा येशील?" विचारलं. म्हटलं, पायरी करायला येतो. तिचा चेहरा उजळला. एका पायरीचं किती ते कौतुक!

२५ जानेवारी २००४, रविवार. पुणे

आज 'फ्लोट' शिकलो. एखादं काम किती लांबवलं तरी पुढचं काही अडत नाही, ती सवड म्हणजे फ्लोट. ज्या कामांना सवडच नाही त्यांची साखळी ती क्रिटिकल पाथ. जीव तिथे लावायचा, बाकीच्याला थांबवता येतं. इतकी वर्षं सगळ्याच कामांमागे सारखं पळत होतो, म्हणून धाप लागत होती.

माझं स्वतःचं आखून पाहिलं. परीक्षा एप्रिलअखेर. तिला सवड नाही. पायरी पावसाच्या आधी झाली म्हणजे बस, म्हणजे मेअखेरपर्यंत. तिला भरपूर सवड. इतकं हलकं वाटलं की बाहेर जाऊन दोन वडापाव खाल्ले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ओकसाहेब हल्ली बरोबर शनिवारीच साइट काढतात. बिरवाडीचा स्लॅब शनिवारी, दासगावची पाहणी शनिवारी. सही तुझी लागते म्हणतात. म्हाताऱ्याचा डाव न कळायला मी दुधखुळा नाही. मला सोडायचं नाही, आणि तसं तोंडानं म्हणवतही नाही. कामाच्या आडून माणूस धरून ठेवायचा! मी सरळ सांगितलं, शुक्रवारी करा नाहीतर सोमवारी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा फोन. काम हाय. रात्री जेवताना अक्षदा म्हणाली, "आईंना पायरी नकोय."

"मग काय हवंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलली. बायकांचं हे असं असतं, अर्धं बोलायचं आणि उठायचं. तिला बांधकामातलं काय कळतं? प्रत्यक्ष येऊन बघ म्हणावं, म्हातारी गुडघ्यावर कशी चढते ते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझं डोकं फिरलं होतं, अजून ठिकाणावर आलेलं नाही. रजा काढली. उमरठचा गवंडी ठरवला, सिमेंटची गोणी त्याच्या माणसाच्या डोक्यावरून चढवली, वाळू, खडी, सळई, फळ्या, सगळं जमवलं. दारात पोचलो तर आये म्हणते, "आज आवस हाय. आज नाय काय बसवायचं दारात."

मी म्हटलं, "पायरीला कसली आलीय अमावास्या?"

"दाराचं काम हाय. आवसेला नाय."

गवंडीही लगेच मान डोलवायला लागला, त्याला काय, रोज तर मिळणारच. चांगूला मध्यस्थी करायला बोलावलं तर तो कुऱ्हाड घेऊन रानात. शेवटी काही न करता जेवलो. आयेनं मात्र कोंबडी केली होती, वडे केले होते. अमावास्या तिला सकाळी आठवली म्हणे, कोंबडी बहुतेक आदल्या दिवशीच आठवली असणार.

अडचणी कुठून येतील त्याची यादी मी केली होती. पाऊस, मजूर, वाहतूक, सगळं होतं तिच्यात. अमावास्या नव्हती. रविवारी क्लासात सांगितलं की खूप हसतील.

गोणी ओटीवर ठेवून आलोय. पुढच्या खेपेला.

१४ मार्च, रविवार. पुणे

क्लास संपला. पायरीच्या आखणीला सरांनी वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. फळ्यावर काढून दाखवायला लावली. म्हणाले, इतकं लहान काम इतकं स्वच्छ मांडलेलं मी पाहिलं नाही. परीक्षेची तारीख मिळाली, २४ एप्रिल, मुंबईला. शिमग्याला वाडीत गेलो नाही. पालखी दारी आली तेव्हा आयेनं खालीच उभी राहून ओटी भरली असं चांगू फोनवर म्हणाला. पायरी नाही, परत चढून ताट आणायला वेळ लागला असता, म्हणून ताट तिनं आधीच खाली आणून ठेवलं होतं म्हणे.

आता फक्त अभ्यास.

२ एप्रिल, शुक्रवार

कधी कधी वाटतं, ओकसाहेबांचं खरं असेल तर? हे सर्टिफिकेट घेतल्यावर मी पुण्याला जाणार, सही दुसऱ्या कोणाची तरी असणार, आणि मी तारखा राखत बसणार. मग माझ्या लायसनचं काय? वाडीतला पहिला इंजिनिअर म्हणून आयेनं गावभर गूळ वाटला होता. तेव्हा तिला कोणी विचारलं, इंजनेर म्हणजे काय करतो गो? ती म्हणाली, त्याचं नाव लिवलं की घर पडत नाय. साहेबांच्या व्याख्यानापेक्षा हे बरं होतं.

पण दोन्ही का असू नये? हातात लायसन, डोक्यात आखणी. असा माणूस महाडातही लागतोच की. हे मी स्वतःला समजावतोय की किरणला, कळत नाही.

८ एप्रिल, गुरुवार

आये पडली.

सकाळी चांगू दारात उभा. पायात चपला नाहीत. काल संध्याकाळी जोत्यावरून उतरताना तोल गेला. ओरडलीही नाही म्हणे. आवडीकाकी, त्याची बायको, शेरडं बांधून आली तेव्हा ही अंगणात पडलेली. रात्रभर तिथल्या तिथे शेकवत बसले, उजाडल्यावर चौघांनी डोली करून उमरठला उतरवली, तिथून जीपनं महाडच्या दवाखान्यात.

खुब्याचं हाड मोडलंय.

चांगू दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला आणि एकच बोलत राहिला, "माझ्यामुळं झालं, मंगेश. माझ्यामुळं झालं." मी त्याला समजावलं की बाबा रे, तू रानात होतास, तुझा काय दोष? दोष असला तर माझा. पायरी मेअखेरपर्यंत लांबवता येते हे मी काढलं होतं. आखणीत एकही चूक नव्हती. सरांनी फळ्यावर काढून दाखवली ती.

मला आज स्वतःची शिसारी येते.

१२ एप्रिल, सोमवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, हाड बसवलंय, पण वय आहे, अंथरूण धरू देऊ नका. आये गुंगीत होती. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य, "शेरडांना पाणी कोण घालतं?" म्हटलं, आवडीकाकी. मग म्हणाली, "तू कामावर नाय गेलास?"

१८ एप्रिल, रविवार

खाटेशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करतोय. आये दर थोड्या वेळानं हाक मारते, "मंगेशा, काम हाय." मी पुस्तक मिटून उठतो, काय काम? तर उशी सरकव. तर खिडकी लाव. तर उघड. एकदा नुसतीच बघत राहिली. मी म्हटलं, "काम सांग ना गो." म्हणाली, "इसरले." मी जरा करवादलोच. नंतर वाईट वाटलं, पण तोपर्यंत तिला झोप लागली होती.

संध्याकाळी ओकसाहेब आले. मी म्हटलं, परीक्षेला जात नाही. तर ते म्हणाले, "जा. मी बसतो इथे. आणि एक सांगतो, मंगेश. लायसनवर मी जे बोललो ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. तू गेलास की ऑफिसात मी एकटा पडेन. एवढंच होतं ते. तोंडानं म्हणायची लाज वाटली, म्हणून शनिवारी साइट काढत बसलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माणसानं असं सरळ बोलावं. महिनोन्‌महिने आडून आडून कामं काढत बसण्यापेक्षा एकदा म्हणून टाकावं. मी तसं साहेबांना बोलूनही दाखवलं. आयेनं तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखत असेल.

२४ एप्रिल, शनिवार. मुंबई

पास झालो. संगणकानं तिथल्या तिथे सांगितलं. बाहेर येऊन किरणला फोन केला, त्यानं आरोळी ठोकली. मग ओकसाहेबांना केला. मागून आयेचा आवाज ऐकू आला, "झालं का त्याचं काम?" साहेब म्हणाले, झालं. ती म्हणाली, "मग आता येल."

९ मे, रविवार

आयेला घरी आणून दोन आठवडे होत आले. खाट माझ्या टेबलाच्या खोलीत टाकलीय. अक्षदा सगळं करते, न्हाऊ घालते, भरवते. आये उठून बसते, पण पाय टाकत नाही. व्यायाम करवायला बाई येते तिला टाळायला बघते.

पण गंमत म्हणजे मोडलेल्या खुब्याची ही बाई खुशीत आहे. वाडीत असताना कधी इतकी बोलायची नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की बाबांच्या गोष्टी काढते, मी लहानपणी कुठल्या झाडावरून पडलो ते सांगते. आज मी म्हटलं, "बरी हो, मग वाडीला जाऊ. पायरी आधी करतो, मग तुला नेतो."

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाली. "पायरीचं काय काम नाय आता."

"अगं, पडलीस ती पायरीवाचूनच ना?"

ती हसली. माझा हात धरून बसली, मग म्हणाली, "जेव जा. अक्षदा थांबलीय."

किरणचं पत्र आलंय, जागा नक्की, जूनअखेर हजर व्हायचं. अक्षदाला म्हटलं, आयेलाही पुण्याला नेऊ. आयेला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काहीतरी काम काढून वाडीलाच जायचं म्हणेल.

२७ मे, गुरुवार

आये गेली. सकाळी चहा घेतला, धाप लागली, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पायातली गुठळी छातीत गेली म्हणाले.

मी बाहेरच्या खोलीत होतो. तिनं हाक मारली होती. "मंगेशा." नेहमीसारखं 'काम हाय' म्हणाली नाही, म्हणून मी हातातलं संपवून उठलो.

९ जून, बुधवार

तेरावं काल झालं. आज शेरडं चांगूच्या स्वाधीन करायला आणि घर बंद करायला वाडीला आलोय. ओटीवर बसून लिहितोय.

फेब्रुवारीत ठेवलेली सिमेंटची गोणी ओटीवरच होती. दमट हवेनं आतल्या आत घट्ट झालीय, गोणीच्या आकाराचा दगड. चांगूला म्हटलं, दोघं मिळून टाकून देऊ. तो जागचा हलला नाही. बायकोकडे बघितलं. आवडीकाकी म्हणाली, "सांगा त्याला. कवापर्यंत पोटात ठेवाल?"

चांगू मला शेरडांच्या वाड्यात घेऊन गेला. पाण्याची बादली बाजूला केली, पहार घातली आणि तो लांबट दगड उलटवला.

काळा, घडीव. कडेला लांबट खोबण.

मी खाली बसलो. खोबणीत बोट घातलं. बाबांचा कोयता. माझ्या मुंग्यांची नदी.

"फुटला नव्हता," चांगू म्हणाला. "मीच काढला, ह्याच पहारीनं. तिनं सांगितलं. दिवाळीला तू आला नाहीस ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. मी बोललो, गो धोंडूवयनी, चांगली पायरी कशाला काढतेस? तर बोलली, हितं काय काम नाय तर तो कशाला येल? मोठं काम काढाया पायजे."

चांगू रडत होता. म्हणाला, "शपथ घातली होती तिनं. मी तुला बघितलं की पळायचो."

तीन महिने मी कागदावर पायरी आखत होतो. उंची, उतार, सळई, सवड, सगळं विचारात घेतलं. लाल पेननं लिहून घेतलेला तो एक प्रश्न तेवढा आयेला विचारला नाही. हे झालं की तुझं काय होणार? विचारला असता तर तिनं तरी काय सांगितलं असतं! पायरी झाली की तू यायचा नाहीस, हे आमच्या वाडीत कोण तोंडानं म्हणतं? ओकसाहेबांसारखा शिकलेला माणूस महिनोन्‌महिने म्हणू शकला नाही. आणि मी त्या दिवशी तिच्या उशाशी बसून म्हणालो की माणसानं सरळ बोलावं. भिंतीकडे तोंड करून ऐकलं असेल तिनं. आवसेची कोंबडीही आत्ता आठवली, आणि सोडत नाही.

हातात लायसन आहे. आता सर्टिफिकेटही आहे. दोन्ही खोटी नाहीत. किरणला काय कळवायचं ते अजून ठरत नाही. पण आज एवढंच कळतं की आयेला काम काढल्याशिवाय पोरगा बोलावता येत नव्हता आणि पोराला काम असल्याशिवाय येता येत नव्हतं, आणि याच्यावर ना इंजिनिअरिंगच्या परीक्षेत प्रश्न होता, ना या सर्टिफिकेटच्या.

मी आणि चांगूनं दगड वाड्यातून लोटत अंगणात आणला. जोत्यापुढे त्याची जागा अजून तशीच होती, वर थोडं गवत आलेलं. गवत खरवडलं आणि दगड सोडला. हलला नाही. खाली टेकू द्यायला दगडाची चीप लागली नाही, माती लागली नाही, आज्यानं बसवला होता तसा बसला. एवढंसं काम होतं.

मी वर चढलो, खाली उतरलो, परत चढलो. मग त्याच्यावरच बसून राहिलो.

आवडीकाकीनं चहा आणून दिला. कप घेताना तिनं विचारलं, इथे सगळेच विचारतात तसं, "आता कवा येशील रे?"

'काम असलं की सांगावा धाड,' हे माझ्या तोंडाशी आलं. सवयीनं आलं. मग अंगणाकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि कळलं की इथे आता माझं काही काम उरलेलं नाही. चहा तसाच हातात राहिला. काकी उत्तराची वाट बघत उभी होती.